तो जळलेला लग माझ्याकडे आहे : व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या कंपन्यांचे रचना, तपासणी आणि सेवा विभाग,
तसेच या यंत्रांच्या सुरक्षेची मानकं लिहिणाऱ्या समित्या

विषय : यंत्राच्या आतल्या वायरिंगच्या जोडांबाबत

महोदय,

व्हॅक्यूम क्लीनरमधला जोड जळाल्याच्या माझ्या तक्रारीवर सेवा केंद्राकडून मला दोन ओळींचं उत्तर आलं. मशीन अनधिकृत व्यक्तीने उघडल्याचे आढळले आहे, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. केंद्र कुठल्या कंपनीचं ते इथे लिहीत नाही. एकीचं नाव घेतलं की बाकीच्या हात झटकून मोकळ्या होतात, आणि मला जे म्हणायचंय ते सगळ्यांनाच म्हणायचंय. ती अनधिकृत व्यक्ती म्हणजे मी.

उघडलं का, ते आधी सांगते. माझ्या बाबांना वास येत नाही. एका जुन्या आजारपणात नाकाची ती शक्ती गेली ती परत आली नाही. त्या दिवशी ते व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होते. शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेली माझी मुलगी धावत आली, "आजोबा, काहीतरी जळतंय!" बाबांनी खाली पाहिलं. यंत्र नेहमीसारखं चालू होतं, आवाज तोच, ओढ तीच. त्यांनी ते बंद करायचं कारणच नव्हतं. प्लग मुलीनं काढला. ती घरात नसती तर काय झालं असतं, हा विचार मी फार लांबवत नाही.

तुमचा माणूस आला. चांगला मुलगा होता, घाईत होता. त्यानं यंत्र दोन मिनिटं चालवलं, मोटर ओके आहे म्हणाला, पिशवी बदला, धूळ जळाल्याचा वास असेल म्हणाला, आणि निघताना "व्होल्टेजचाही प्रॉब्लेम असू शकतो" अशी पुस्ती जोडली. यंत्र उघडून पाहायला त्याला वेळही दिलेला नव्हता आणि बहुधा परवानगीही. मग मी उघडलं.

उघडायचा मला अधिकार नसेल, पण सवय आहे. अठरा वर्षं मी गाड्यांच्या वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात होते, पहिली सहा क्रिंपिंगच्या, म्हणजे वायरच्या टोकावर लग दाबून बसवण्याच्या टेबलावर आणि पुढची तपासणीत. लग म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा छोटा तुकडा, ज्यानं ती वायर स्वीचला जोडली जाते. असे लाखो लग माझ्या हाताखालून गेले आहेत. म्हणून स्वीचपाशी पोचल्यावर जे दिसलं ते समजायला मला भिंगाचीही गरज नव्हती. पुढे भिंग लावलं, ते खात्रीसाठी.

स्वीचवर दोन लग होते. साधे, चपटे, ६.३ मिलिमीटर रुंदीचे, पितळेचे आणि वर कथिलाचा मुलामा, तुमच्या सगळ्यांच्या यंत्रांत असतात तसेच. एक चकचकीत. दुसरा काळानिळा पडलेला. त्याची प्लास्टिकची टोपी वितळून स्वीचला चिकटली होती. वायरचं आवरण बोटभर लांबीपर्यंत इतकं कडक झालं होतं की वाकवताच तुकडे पडले. भोवती बारीक धूळ आणि तंतू साचून नमदा झाला होता आणि त्या नमद्याची कड तपकिरी झाली होती.

लगाला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघडं तांबं आवळते, मागची वायरचं आवरण धरते, म्हणजे हादऱ्याचा ताण तांब्यावर येत नाही. या लगात वायर गरजेपेक्षा पुढे सरकलेली होती. पुढच्या पंखांनी तांब्याबरोबर आवरणही चेपलं होतं. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या लवचिक वायरमध्ये सहसा ०.२ मिलिमीटर जाडीच्या २४ तारा असतात. मी मोजल्या. सतरा आत होत्या, सात बाहेर. आमच्या टेबलावर असा लग निघाला असता तर त्या पाळीचा सगळा माल बाजूला काढला असता, आणि ज्या बाईच्या हातून तो गेला तिला दोष देण्याआधी वायर किती आत जावी हे ठरवणारा मशीनचा थांबा कुठे सरकला ते पाहिलं असतं.

आता तुमच्या लोकांना माहीत असलेलीच गोष्ट, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सविस्तर लिहिते. २३० व्होल्टवर १४०० वॅटचं यंत्र सुमारे ६ अँपिअर ओढतं. चांगल्या जोडाचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, एखाददोन मिलिओहम असतो. तिथे तयार होणारी उष्णता वॅटच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, कुणाला जाणवणारही नाही. जोड बिघडून रोध पाव ओहम झाला की त्याच ६ अँपिअरला तिथे ९ वॅट उष्णता होते. पाच मीटर लांब कॉर्डच्या दोन्ही तारांचा मिळून रोधही साधारण पाव ओहमच असतो. म्हणजे जी उष्णता पाच मीटर वायरभर पसरून हाताला जेमतेम कोमट लागते, तेवढीच सगळी नखाएवढ्या पितळेत कोंडली जाते. रोध अर्धा ओहम झाला तर १८ वॅट. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्याच ताकदीचं असतं. ते चालू करून प्लास्टिकच्या डब्यात, धुळीच्या गादीवर ठेवून द्यायला तुमच्यापैकी कोण तयार होईल?

आणि हे सगळं होताना मोटरला काही कळत नाही. अर्ध्या ओहमच्या जोडावर ३ व्होल्ट खर्च होतात. २३० मधले ३ गेले तर ओढीत फरक पडत नाही, आवाजातही नाही. घरातला फ्यूज उडत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो, उलट किंचित घटलेलाच असतो. एमसीबी पडत नाही, कारण त्याच. गळतीवर पडणारा संरक्षक स्वीचही गप्प राहतो, कारण गळती नाही. यंत्रातलं तापमानाचं कटआउट मोटरच्या वेटोळ्यांपाशी बसवलेलं असतं. नळी तुंबली, हवा थांबली, मोटर तापली तर ते काम करतं. वीतभर अंतरावर स्वीचचा लग लालबुंद झाला तरी त्याला पत्ता लागत नाही. घरातली आणि यंत्रातली मिळून चार संरक्षणं, आणि चारीही या बिघाडाकडे पाठ करून उभी. पाचवं संरक्षण माणसाचं नाक. आमच्या घरी तेही नव्हतं.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार इथेच आहे. व्हॅक्यूम क्लीनर हे जोडांसाठी घरातलं सर्वांत वाईट ठिकाण आहे, हे माहीत असूनही तुम्ही त्यातले जोड एखाद्या टेबलावरच्या दिव्यासारखेच बनवता. दिवा एका जागी उभा असतो. हे यंत्र ओढलं जातं, उंबऱ्यावर आपटतं, भिंतीवर धडकतं. त्यातल्या बऱ्याच मोटरी मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतात. वीस मिनिटांची सफाई म्हणजे सहा लाख फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याचा बारीकसा हादरा त्या लगापर्यंत पोचतो. कथिलाचा मुलामा मऊ असतो. लग स्वीचच्या ज्या पात्यावर बसतो त्यावर केसभर जरी हलत राहिला तरी मुलामा घासला जातो, नवा पृष्ठभाग उघडा पडतो, त्यावर ऑक्साइड चढतं, पुन्हा घासलं जातं, पुन्हा चढतं. हार्नेसच्या धंद्यात याला फ्रेटिंग म्हणतात आणि गाड्यांच्या बाबतीत त्याची चर्चा कित्येक दशकं चालू आहे. ऑक्साइडनं रोध वाढतो, रोधानं उष्णता, उष्णतेनं पितळेची पकड सैल होते, सैल पकडीनं हालचाल वाढते. एकदा हे चक्र सुरू झालं की मागे फिरत नाही. तांब्याचा जोड ऑक्साइडच्या थरातून प्रवाह नेऊ लागला की तो ठिणगीशिवायही निखाऱ्यासारखा तेजाळू शकतो, आणि तोवर साध्या पीव्हीसीच्या आवरणाची ७० अंशांची मर्यादा कधीच मागे पडलेली असते.

त्यातच धूळ. धूळ ओढणं हे तर यंत्राचं कामच. तरीही गाळणीतून निसटलेली बारीक धूळ आणि फिरत्या मोटरला वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशची काजळी वायरिंगच्या कप्प्यात पोचू नये यासाठी किती यंत्रांत धड पडदा असतो? मी घरातलं आणि ओळखीच्यांची मिळून पाच उघडून पाहिली. दोनांत होता. कार्बनची काजळी वीजवाहक असते, एवढं तरी तुमच्या रचनाकारांना सांगायला नको.

(एक अवांतर. १९०१ मध्ये इंग्रज अभियंते ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ ओढणारं यंत्र आणलं तेव्हा ते घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि फक्त नळ्या खिडकीतून घरात जायच्या. त्यात काही पेटलं असतं तर ते रस्त्यावर. यंत्र घरात आलं त्याच दिवशी ही जबाबदारीही आत आली.)

दुसरी तक्रार तपासणीची. ही कंपन्यांइतकीच समित्यांकडे आहे. घरगुती उपकरणांच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाचं (आयईसीचं) सर्वसाधारण मानक ६०३३५-१ आणि व्हॅक्यूम क्लीनरसाठीचा त्याचा भाग ६०३३५-२-२. त्यात मेहनत नाही असं मी म्हणणार नाही. चार किलोपेक्षा जड यंत्राची कॉर्ड १०० न्यूटन जोरानं, म्हणजे साधारण दहा किलो वजन टांगल्यासारखी, २५ वेळा ओढून पाहतात. त्यानंतर ती २ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली चालत नाही. आपोआप गुंडाळणारं कॉर्ड रील ६००० वेळा आतबाहेर करून बघतात. आतून वीज नेणारी नळी चिरडतात, पिळतात, घासतात, वाकवतात. जोडाला आधार देणाऱ्या प्लास्टिकला तापलेल्या तारेचा चटका देतात. बिनचूक विचार आहे. फक्त हे सगळं होतं ते नमुन्यावर, आणि नमुना कोण कसा बनवतं ते आपण सगळेच जाणतो. मी स्वतः नमुने बनवले आहेत. त्या दिवशी सुपरवायझर शेजारी उभा असायचा आणि मशीनचा वेग निम्मा असायचा.

कारखान्यातून रोज बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्राचं काय? त्याच मानकाच्या परिशिष्टात रोजच्या तपासण्या सुचवल्या आहेत, त्या तीन. अर्थिंग सलग आहे का, इन्सुलेशन उच्च व्होल्टेज सोसतं का, आणि यंत्र चालतं का. बहुतेक व्हॅक्यूम क्लीनर दुहेरी इन्सुलेशनचे असतात, चौकोनात चौकोन अशी खूण असते ते. त्यांना अर्थिंगच नाही, म्हणजे पहिली तपासणी बाद. दुसरी पाहते ती वीज बाहेर फुटते का ते. तांब्याची पकड कशी आहे, हे तिला दिसत नाही. तिसरीत यंत्र काही सेकंद चालतं, आणि सात तारा बाहेर राहिलेला लगही काही सेकंद झकास चालतो. माझा लग या तिन्हींतून सन्मानानं उत्तीर्ण झालेला आहे, हे लक्षात घ्या.

हे पकडणं अवघड आहे का? नाही. आमच्याकडे दर पाळीला ठरलेल्या संख्येनं क्रिंप कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. क्रिंपची उंची मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत मोजायचो. लग ओढून किती जोराला सुटतो ते लिहून ठेवायचो. मशीनवर दाब मोजणारं यंत्र असायचं. एखादी तार बाहेर राहिली किंवा आवरण आत गेलं की दाबाची रेघ बदलायची आणि मशीन आपणहून थांबायचं. पूर्ण प्रवाह सोडून जोडावर किती मिलिव्होल्ट पडतात हे मोजायला तर काही सेकंद पुरतात. यातलं काहीच नवं नाही. गाडीच्या दिव्याच्या वायरला मिळणारी काळजी घरात वर्षानुवर्षं चालणाऱ्या यंत्राला का मिळू नये, याचं उत्तर मला कुणी द्यावं.

नियम करणारे जोडांचा विचार कसा करत नाहीत, याचं एक उदाहरण. युरोपीय संघानं २०१३ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरसाठी नियम केला. सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा आली. नळी ४०,००० वेळा वाकवून टिकली पाहिजे, मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे, असंही सांगितलं. टिकाऊपणाचा एवढा विचार, पण त्या मोटरपर्यंत वीज नेणाऱ्या जोडाच्या आयुष्याचा आकडा त्यात नाही. गंमत अशी की त्या नियमानं जोडांचं भलंच झालं, नकळत. उष्णता प्रवाहाच्या वर्गानुसार वाढते. १६०० वॅटला पाव ओहमच्या जोडावर १२ वॅट जळतात, ९०० वॅटला ४ सुद्धा नाहीत. ऊर्जा वाचवायला निघालेल्यांनी आग टाळायलाही हातभार लावला. तुमच्या जाहिरातींत मात्र अजून वॅटचा मोठा आकडा मिरवतो.

बिनवायरीचं यंत्र घ्या, त्यात हा धोका नाही, असं मला एका विक्रेत्यानं सांगितलं. त्याला दोष देत नाही, त्याला तसंच शिकवलं असणार. २५ व्होल्टच्या आसपासच्या बॅटरीतून ५०० वॅटची मोटर चालवायची तर २० अँपिअर लागतात. तिथे जोडाचा रोध अवघा ०.०५ ओहम झाला तरी २० वॅट उष्णता, आणि शेजारी लिथियमचे सेल. शॉक बसायचा धोका कमी झाला हे खरं. जोडाचा धोका गेलेला नाही, तो हँडलमध्ये जाऊन बसला आहे.

तिसरी तक्रार कॉर्ड रीलची. कॉर्डवर आधी पिवळी खूण येते, मग लाल. पिवळी दिसेपर्यंत कॉर्ड बाहेर काढा, लाल दिसली की थांबा. हे पुस्तिकेत कुठेतरी एका ओळीत असतं, यंत्रावर बहुधा नसतं. माझ्या ओळखीच्या दहा माणसांना विचारलं, एकालाही पिवळ्या खुणेचा अर्थ माहीत नव्हता. गुंडाळलेली कॉर्ड स्वतःची उष्णता बाहेर टाकू शकत नाही, म्हणून ती खूण आहे. रीलच्या आत पितळेच्या कड्यांवर स्प्रिंगची पाती घासत वीज नेतात. मोटरच्या कार्बन ब्रशसारखाच हाही मुद्दाम हलता ठेवलेला जोड, आणि तो बंद डबीत, साफ करायची सोय नसलेला. रील सुटं मिळत नाही, मिळालं तर पूर्ण जुळणीच घ्या म्हणतात.

चौथी, पुस्तिकांच्या भाषेबद्दल. पानामागून पान वापरणाऱ्याला ताकीद. कॉर्ड ओढू नका, दारात चिमटवू नका, ओल्या हातानं धरू नका. सगळं रास्त, मान्य. पण चूक नेहमी आमचीच होते आणि कारखान्यात कधीच होत नाही, असा त्याचा सूर असतो. "यंत्राला हात लावल्यावर सौम्य झटका बसू शकतो, तो स्थिर विजेचा असतो, घाबरू नका" हे वाक्य तर धोकादायक आहे. स्थिर विजेचा झटका एकदा चट्कन बसतो आणि संपतो. हात ठेवला असताना सलग मुंग्या येत राहिल्या तर ती स्थिर वीज नव्हे, ती गळती आहे, आणि यंत्र तिथल्या तिथे बंद केलं पाहिजे. हा फरक दोन ओळींत लिहिता येतो. कुणी लिहिलेला मी पाहिला नाही.

पाचवी तक्रार त्या दोन ओळींच्या उत्तराची. मी त्यांना लगाचे फोटो पाठवले, मापं पाठवली, सात तारांचं लिहिलं. त्यांनी पाहिलं ते स्क्रूवरचं फाटलेलं स्टिकर. प्रत्यक्ष लग पाहायला मागा असं मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं, गरज नाही. तक्रारींच्या नोंदीत माझं यंत्र आता "ग्राहकाने उघडलेले" या खान्यात आहे. "आतला जोड जळाला" असा खाना तुमच्या फॉर्ममध्ये आहे तरी का? नसेल तर त्याच पाळीत बनलेल्या बाकी यंत्रांबद्दल तुम्हाला कधीच काही कळणार नाही. जी माहिती जमवायचीच नाही असं ठरवलं, तिच्या अभावाला "असा एकही प्रकार आढळलेला नाही" म्हणता येतं.

त्रिकोणी खाचेचे स्क्रू कशासाठी, हे मला समजतं. घरातल्या कुणीही उठून मेन्सचं यंत्र उघडावं असं मीही म्हणत नाही. स्वीच बहुधा एकच तार तोडतो, त्यामुळे स्वीच बंद म्हणजे आत वीज नाही असं धरून चालणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. पण कुलूप लावायचं तर आत काय घडतंय ते बघायची जबाबदारीही कुलूप लावणाऱ्याची. तुम्ही कुलूपही लावता आणि बघतही नाही.

आता मागण्या. फार नाहीत.

जोडाची तपासणी रोजच्या तपासणीत आणा. प्रत्येक यंत्राचा प्रत्येक लग मोजा असं म्हणत नाही. क्रिंपच्या मशीनवर दाबाची नोंद आणि ठरावीक यंत्रांवर पूर्ण प्रवाहाला मिलिव्होल्टची मोजणी, एवढं पुरे. समित्यांनी परिशिष्टातल्या तीन तपासण्यांत ही चौथी घालावी. ती आली की कंपन्यांना "मानकात नाही" म्हणायची जागा राहणार नाही.

मुख्य प्रवाहाचे लग खटका बसणारे वापरा, हादऱ्यानं सरकणार नाहीत असे, आणि वायर लगापासून दोन बोटांवर पट्टीनं बांधा. कुणी "मग सोल्डरच करतो" म्हणेल. नुसतं सोल्डर नको. कथिल तारांत वर चढून वायरचा तेवढा भाग काठीसारखा ताठ होतो आणि हादऱ्यानं नेमकी त्याच्या कडेला तुटते. आणि जोड तापलाच तर आधी तेच वितळतं. वायरिंगचा कप्पा धुळीपासून वेगळा करा. जोडांजवळच्या वायरला ७० ऐवजी १०५ अंशांचं आवरण द्या.

स्वीच आणि रीलच्या जोडांपाशी तापमानाचा एकदाच उडणारा फ्यूज बसवा. मोटरपाशी आहे, तसाच इथे. माझ्या सगळ्या मागण्यांतली एकच मान्य करणार असाल तर ही करा. वास न येणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या माणसांच्या हाती तुम्ही हे यंत्र देता, आणि त्यांच्यासाठी यंत्रानं स्वतः थांबणं हा एकच इशारा उरतो.

सेवेला येणाऱ्या माणसाला यंत्र उघडायचा वेळ द्या, आणि "जळका वास" अशी तक्रार असेल तर उघडणं सक्तीचं करा. काढलेला जळका भाग ग्राहकाला दाखवा. त्याचा फोटो, पाळी आणि बनवल्याची तारीख एका नोंदीत जाऊ द्या, आणि एकाच पाळीतले असे प्रकार वाढले तर तो माल परत बोलवा, जाहीरपणे. कॉर्ड, रील आणि स्वीच सुटे मिळू द्या आणि कुशल कारागिराला आतल्या वायरिंगचा नकाशा मिळू द्या. तो आज मिळाला नाही तरी लोक दुरुस्ती करतातच. फक्त अंदाजानं करतात, आणि मग कुठेतरी दोन वायरी पिळून टेप गुंडाळलेली असते.

पिवळ्या खुणेचा अर्थ यंत्रावर छापा. याला तर बैठकही लागू नये.

हे वाचणाऱ्या घरच्यांसाठीही चार गोष्टी. कॉर्ड हलवली की यंत्र अडखळत असेल, प्लगची पिन तपकिरी झाली असेल, कॉर्ड यंत्रात शिरते तिथे हाताला गरम लागत असेल, किंवा प्लास्टिक तापल्याचा, मासळीसारखा उग्र वास येत असेल, तर प्लग काढा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय पुन्हा लावू नका. "चालतंय ना?" हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. आमचंही चालत होतं.

बाबांनी त्यानंतर व्हॅक्यूम क्लीनरला हात लावलेला नाही. यंत्रात मी नवा लग क्रिंप केला आहे, वायर बांधली आहे, आणि ते आता मीच चालवते, कुणी नाक शाबूत असलेलं घरात असतानाच. तुमच्या लेखी ते आता कायमचं अनधिकृत आहे.

जळलेला लग एका डबीत ठेवला आहे, बाहेर राहिलेल्या सात तारांसकट. तुमच्यापैकी कुणाच्या तपासणी विभागाला तो पाहायचा असेल तर कळवा, मी स्वतः घेऊन येईन. तुमच्यासमोर भिंगाखाली ठेवीन. मात्र तो परत माझ्याकडे आला पाहिजे.

कळावे,

आपली,
तक्रार बंद करण्यात आलेली एक ग्राहक